ओटीतले शेअर

नोटीस वरुडला गेली ती देवीदासच्या सहीने, आणि ही खबर जठारपेठेतल्या घरी पोचल्याबरोबर तिथे भांडी आपटायला लागली. गावंड्यांच्या घराची रीतच तशी. भांडण झालं की आधी भांडी बोलतात, मग बायका, आणि सगळ्यात शेवटी पुरुष, तेही घसा खाकरून.

नोटिशीत तसं काहीच नव्हतं. काळीमाय जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी लिमिटेड, अकोला, हिच्या सभासदांची सभा अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी केशवराव गावंडे यांच्या राहत्या घरी भरेल आणि जिन मुंबईच्या पार्टीला भाड्याने द्यायचा की नाही ते ठरेल, एवढंच. अशी नोटीस दर उन्हाळ्यात निघायची आणि घरातल्या घरात फिरायची. केशवरावांच्या बैठकीतून निघून वामनरावांच्या ओसरीवर जायची, तिथून एखाद्या लेकराच्या हातून होडी होऊन मोरीत. या खेपेला एक पाकीट घराबाहेर पडलं. त्यावर नाव होतं जमुनाबाईचं.

जमुना ही केशवराव-वामनरावांच्या सगळ्यात धाकट्या भावाची, शालिकरामची, बायको. म्हणजे होती. शालिकराम तापाने गेला तेव्हा तिचं वय काय, अजून ओट्यावर सागरगोटे खेळावेत असं. मांडीवर एक पोरगी. पुढे वरुडच्या नत्थुजीशी तिचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागला. कुणब्यांत पाटाला बंदी नाही, पण कौतुकही नाही. पाट लागणाऱ्या बाईने पहिल्या घरचं पहिल्या घरी ठेवून दिवस उगवायच्या आत निघून जायचं, अशी चाल. जमुनाने अंगावरचं सोनं, पायातले तोडे, नाकातली नथ, सगळं परातीत काढून ठेवलं. लेकरूही ठेवलं. मग वामनरावांनी ओटा धुऊन घेतला, आणि गावंड्यांच्या घरात त्या नावाचा विषय संपला.

संपला असं सगळ्यांना वाटलं. परातीत एक वस्तू पडायची राहिली होती, आणि ती कोणाच्या ध्यानातही आली नव्हती.

झालं होतं असं की, या तिघा भावांचे वडील खुशालराव हिवरखेडची काळी कसता कसता अकोल्यात कापसातली सरकी काढायचा जिन टाकायला निघाले, तेव्हा अमरावतीच्या वकिलाने त्यांना सांगितलं, कंपनीला सात माणसं लागतात. खुशालरावांनी बोटं मोजली. स्वतः एक, लेक तीन. परक्या माणसाला घ्यायचं नव्हतं. मग म्हणाले, सुना तीन हायेत ना, झाले सात. बायकांना शेअर कसे द्यायचे हे वकिलाने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. जिनचा भोंगा पहिल्यांदा वाजला त्या दिवशी तिघी सुनांना पाटावर बसवून त्यांनी ओटी भरायला लावली. खण, नारळ, गहू, आणि वर प्रत्येकीच्या नावाचा शेअरचा कागद. सासऱ्याने ओटीत घातलेलं ते बाईचं झालं, नवऱ्याचंही नाही. पुढे खुशालराव गेले, शालिकराम गेला, दोन्ही भावांनी आपापल्या थोरल्या पोरांची नावं घालून सात भरून काढले. खुशालरावांचा आणि शालिकरामचा हिस्सा दोघा भावांत बरोबर वाटला गेला. जमुनाच्या ओटीतला कागद मात्र घरच्याच कपाटात राहिला, आणि कपाट घरचं म्हणून कागदही घरचा, असा सर्वांचा सोपा समज.

हा समज मोडला तो मुंबईहून कागद बघायला आलेल्या कारकुनाने. सभासदांची नावं वाचता वाचता त्याने सहज विचारलं, "या जमुनाबाई कुठे असतात?"

"असतात घरीच," केशवराव म्हणाले.

देवीदास शेजारीच बसला होता. तो केशवरावांच्या बहिणीचा लेक. आईबाप लवकर गेले म्हणून मामाच्या घरी वाढला, मामाच्या पैशाने नागपूरला कायदा शिकला आणि आता मामाच्याच कंपनीचा वकील होता. पाहुण्यासमोर तो काही बोलला नाही. कारकून गेल्यावर जिनच्या रिकाम्या कापूसघरात मात्र त्याने विषय काढला.

"मामाजी, घरी कुठं असते थे?"

"त्या मुंबईवाल्याले काय करा लागते? शेअर घरचे, थे घरीच हायेत."

"शेअर तिचे हायेत."

"पाट लागला त्याच दिवशी मेली थे आमाले."

"तुमाले मेली असन. कंपनीले नाही मेली."

केशवराव हसले. माणूस रागीट नव्हता. तो काम काढून घेणारा माणूस, आणि काम काढून घेणाऱ्याला राग परवडत नाही. त्यांनी भाच्याच्या खांद्यावर हात टाकला आणि जिनच्या दारापर्यंत त्याला चालवत नेलं. हंगाम संपला होता. आवारात सरकीचा खच आणि त्यावर चिमण्या.

"हे पाय," ते म्हणाले. "तवाच देऊन गेली होती असं लिव. मांगची तारीख टाक. अंगठा पायजे त घरात अंगठ्याले काय तोटा हाये का?"

"मी नाही लिवत."

"तुले शिकोलं कोनं?"

"तुमी."

"मंग?"

"तुमीच शिकोलं म्हनून त मालूम हाये, का हे तुरुंगाचं काम हाये. तुमालेबी अन् मलेबी. मी तुमचा भाचा हाओ मामाजी, पन वकील कंपनीचा हाओ."

"अन् कंपनी कोनाची हाये?"

या प्रश्नाला नागपूरच्या कॉलेजात एक उत्तर होतं आणि अकोल्याच्या जिनमध्ये दुसरं. देवीदासने नागपूरचं दिलं, सर्व सभासदांची. केशवरावांना ते समजलं नाही असं नाही. त्यांनी फक्त खांद्यावरचा हात काढून घेतला, आणि देवीदासला तेवढंही लागलं. या हाताखाली तो वाढला होता.

मामांची घाई त्यालाही कळत होती. जिन चालवायचा म्हणजे दर वर्षी डोक्याला ताप. मुंबईची पार्टी अकोल्यातले बरेच जिन भाड्याने घेऊन कुलूप लावून ठेवत होती, म्हणजे त्यांच्या चालू जिनला भाव चांगला मिळावा. कुलूप लावायचं भाडं घरबसल्या यायचं. केशवरावांना ते पटलं होतं. वामनरावांना जिन चालूच पाहिजे होता. भोंगा वाजला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे, आणि दिवसभर कुठे बसायचं हाही प्रश्न होताच. दोघांकडे शेअर बरोबरीचे. केशवराव अध्यक्ष, पण अध्यक्षाला जादा मत खुशालरावांनी मुद्दामच ठेवलं नव्हतं, भावाभावात काट्यावर दगड ठेवू नये म्हणून. तेव्हा काटा ज्या बाजूला झुकायचा तो जमुनाच्या कागदाने झुकणार होता. तो कागद आजवर कोणीच मोजला नव्हता, कारण आजवर भाऊ भांडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वामनराव देवीदासच्या कचेरीत आले. खुर्चीवर बसले नाहीत, पक्षकारांच्या बाकावर बसले. म्हणजे काहीतरी काढायचं होतं.

"दादानं तुले काय सांगतलं?"

"जे सांगतलं थे कंपनीच्या वकिलाले सांगतलं, मामाजी."

"मीबी कंपनीचा डायरेक्टर हाओ."

"मंग सभेत विचारा. सर्वाईच्या समोर सांगतो. असं कोपऱ्यात नाही."

वामनरावांनी पान लावलं, सावकाश. "बिचारी जमुना," ते म्हणाले. "लय अन्याव झाला तिच्यावर. मी तवाच म्हनत होतो."

वामनरावांच्या तोंडी 'बिचारी' ऐकून देवीदासला हसूही आलं आणि किळसही. तेव्हा ते काय म्हणत होते ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. ओटा तर त्यांनीच धुतला होता.

"मी नोटीस धाडली हाये तिले," तो म्हणाला. "मले तेवढंच करता येते."

"तू आमचा हाये का त्याईचा?"

"कंपनीचा."

"दोन्ही घरचा पाहुना उपाशी रायते, देवीदास," वामनराव उठत म्हणाले, आणि ते मात्र अगदी खरं होतं.

अखाजीला सकाळी अकोल्याच्या स्टेशनावर गावंड्यांच्या दोन दमण्या, बैलांच्या हलक्या गाड्या, उभ्या होत्या. एक केशवरावांची, एक वामनरावांची, दोन्हींच्या बैलांच्या शिंगांना तेल लावून. ज्या बाईला दिवस उगवायच्या आत घराबाहेर काढली तिला आणायला ही वरात. दोन्ही गाडीवान एकमेकांकडे न बघता बिड्या ओढत होते. जमुना बडनेऱ्याहून गाडीने आली, दोन्ही दमण्या पाहिल्या, आणि टांग्यात बसली.

तिच्याबरोबर नत्थुजी होता. उंच, काळासावळा, बोलायला कमी. डोक्यावर शेवटच्या तोडीच्या संत्र्यांची टोपली त्याने स्वतःच घेतली होती. दारात टोपली उतरवून तो बाहेरच थांबला.

"आत या ना जी," केशवराव स्वतः पुढे झाले. "असे परक्यासारखे काहून उभे रायले?"

"बाहेरच बरा हाओ मी," नत्थुजी म्हणाला. "तिचं काम हाये. तिचं थे तिचं. मले त्यातलं काही नाही पायजे."

असा माणूस गावंड्यांच्या दारात फार दिवसांत उभा राहिला नव्हता. त्याला काय करावं हे कोणालाच सुचेना. शेवटी निंबाखाली त्याच्यासाठी बाज टाकली गेली.

जमुना माजघरात गेली. देवीदास उंबऱ्याशी बसला होता. तो लहानपणी कैऱ्या चोरायचा तेव्हा ही मामी वर झाडात आणि तो खाली, असं असायचं. आता तिच्या कानांजवळ पांढरं दिसत होतं आणि उन्हाने चेहरा रापला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि "झाला का वकील?" एवढंच म्हणाली.

पार्बताबाई, म्हणजे केशवरावांची बायको, चुलीपासून उठली नाही. तिच्या पाठीला लागून सत्यवती उभी होती. शालिकरामची पोरगी, आता लुगडं नेसायला लागलेली. तिला पार्बताबाईने वाढवली, तिच्या तापात रात्री काढल्या, तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. पोरगी तिला माय म्हणायची.

"सत्या, मावशीले पानी दे," पार्बताबाई म्हणाली.

पोरीने तांब्या दिला. तिला माहीत होतं. घरात न बोललेलं सगळ्यात आधी पोरींनाच कळतं. जमुनाने पाणी प्यायलं, तांब्या परत दिला, आणि पोरीच्या हाताकडे बघत राहिली. दोघींची बोटं सारखी होती. देवीदासने मान फिरवली. त्याला ते बघवेना.

मग पार्बताबाईने पोरीला अंगणात कुरडया बघायला पाठवलं आणि जमुनाजवळ येऊन बसली.

"तू तिले न्यायले आली का?"

"नाही वं बाई. तिले कुठं नेऊ मी? तिचं घर हे हाये."

पार्बताबाईने सोडलेला श्वास देवीदासला उंबऱ्यापर्यंत ऐकू आला.

"मंग ऐक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "हे म्हनत होते, तुह्या नावानं जे काही हाये थे पोट्टीच्या नावानं करून दे. तिच्या लग्नाच्या कामी येईन. तुह्याबी जीव थंडा होईन."

जमुनाने पदराने डोळे पुसले. "मी थेच मनात धरून आलो. दुसरं तिले द्यायले माह्यापाशी हाये काय?"

देवीदास उंबऱ्याशी बसल्या बसल्या सगळं समजला. मामांनी स्वतःचं न मागता पोरीसाठी मागितलं होतं, आणि स्वतःच्या तोंडाने न मागता मामीच्या तोंडाने. मागची तारीख नाही, खोटा अंगठा नाही. त्या माणसाच्या डोक्याला मानलं पाहिजे होतं.

सभा बैठकीत भरली. केशवराव तक्क्याला टेकून, वामनराव समोर, दोघांची थोरली पोरं बापांच्या मागे. वामनरावांची बायको दाराआड बसली, आणि दर वर्षीप्रमाणे ती हजर धरली गेली. पार्बताबाईही दारात येऊन टेकली. जमुना सतरंजीच्या टोकाला. केशवरावांनी एक कागद पुढे केला. कचेरीसमोरच्या अर्जनविसाकडून लिहून आणलेला.

"वाच," ते देवीदासला म्हणाले. "मोठ्यानं वाच. उद्या कोनी म्हनू नये का फसोलं."

देवीदासने वाचला. जमुनाबाई आपले सर्व शेअर सत्यवतीस देते. सत्यवती अज्ञान असल्याने ती वयात येईपर्यंत तिच्या वतीने सगळा कारभार तिचे मोठे काका केशवराव पाहतील. कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. तारीखसुद्धा आजची.

"हे चालत नाही," वामनराव म्हणाले. का चालत नाही ते त्यांना सांगता येईना, एवढंच कळत होतं की दादा खूश आहे. "जमुना, मले दे. मी पोट्टीच्या लग्नाले दुप्पट करीन."

"पोट्टीचं पोट्टीले मिळू द्या ना भाऊ," केशवराव शांतपणे म्हणाले. "का तुमाले थेबी खुपते?"

वामनराव मागे सरले. पोरीच्या आड येणारा काका कोणाला व्हायचं असतं?

जमुनापुढे शाईची गादी सरकली. तिने अंगठा पुसला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती देवीदासकडे वळली.

"देवीदास, पोट्टीच्या नावानं केलं त पोट्टीचंच राहीन ना?"

बैठकीत सगळ्यांनी देवीदासकडे पाहिलं.

हो म्हणणं खोटं नव्हतं, आणि तीच खरी पंचाईत होती. शेअर पोरीचेच राहणार होते. कायद्याने राहणार होते. पण आज अंगठा उठला की पोरीच्या वतीने लगेच मामांचा हात वर जाणार होता आणि जिनला कुलूप पडणार होतं. त्याहून वाईट म्हणजे, आज ही बाई ज्या कागदामुळे या घरात शिरली, पाणी प्यायली, पोरीचे हात बघून घेतले, तो कागद एकदा तिच्या हातून गेला की तिला या दारात पुन्हा कोणी उभं करणार नव्हतं. दमणी तर सोडाच. हे तिला सांगायला पाहिजे होतं. आणि हे सांगायचा अधिकार इथे बसलेल्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच नव्हता. तो कंपनीचा वकील. तिचं आणि कंपनीच्या अध्यक्षाचं हित आज दोन दिशांना तोंड करून उभं होतं, आणि त्यातल्या एकाच्या पंगतीला बसून दुसऱ्याला वाढता येत नसतं.

"सांग ना," केशवराव म्हणाले. "राहीन म्हनून सांग तिले. खोटं थोडंच हाये?"

"मामी," देवीदास म्हणाला, "हे मले नको विचारू."

"काहून?"

"मी तुह्या वकील नाही. कंपनीचा हाओ."

"मंग माह्या हो ना."

"थेबी नाही होता येत. याईचं काम सोडलं तरी नाही. याईच्या घरातलं सारं माह्या पोटात हाये. इथं बसलेल्या कोनाचंबी उत्तर घेऊ नको, मामी. माह्यं त घेऊच नको. अमरावतीले जा. कोण्याबी वकिलाच्या ओट्यावर बस, हा कागद त्याच्यापुढं ठेव अन् हाच सवाल त्याले विचार. त्यानं हो म्हटलं त खुशाल अंगठा दे."

बाहेर सत्यवती कुरडयांवरचे कावळे हाकत होती, तेवढा आवाज.

"खाल्ल्या घरचे वासे मोजून रायला तू," केशवराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माह्याच बैठकीत बसून माह्यावरच वकील करायले सांगतो तिले?"

"मोजले असते त वासे किती हायेत थेबी सांगतलं असतं, मामाजी. म्या काहीच नाही सांगतलं."

हे खरं होतं, आणि नेमकं हेच दारात टेकलेल्या पार्बताबाईला समजलं. ती अडाणी होती, पण एवढी वर्षं या नवऱ्याशी संसार केलेली बाई. ज्याने लहानपणापासून मामांच्या कुठल्या गोष्टीला नाही म्हटलं नाही, तो पोरगा आज साधं हो म्हणत नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी मले पोट्टीसाठी बोलाले लावलं होतं," ती म्हणाली. "का जिनसाठी?"

केशवरावांनी पानदान जवळ ओढलं. पार्बताबाई आली, जमुनापुढची शाईची गादी उचलली आणि आत घेऊन गेली. आतून तिचा आवाज आला की पानं वाढायला घेते, ज्यांना बसायचं त्यांनी बसावं.

जमुना अजून देवीदासकडेच बघत होती. ती रागावली असेल असं त्याला वाटलं. ती रागावली नव्हती, विचार करत होती. तिच्यासारख्या बाईला आजवर कोणी विचार करायला सवड दिली नव्हती, म्हणून तिला वेळ लागत होता.

"बरं," ती म्हणाली. "हे तरी सांगता येते का तुले? ही सभा दर अखाजीले होते ना?"

"होते."

"अन् मले बोलावनं येते?"

"यावंच लागते. तुह्या नावाचे शेअर हायेत तवापावतो कंपनीले धाडाच लागते. कोनाच्या मर्जीची गोठ नाही. कायदाच हाये तसा."

जमुनाने मान डोलावली. मग तिने कागद उचलून केशवरावांच्या गादीवर नीट ठेवला, जसं काही ताटात काही ठेवावं.

"दादाजी, मी आज अंगठा देत नाही. पुढच्या अखाजीले येतो."

"मंग ठराव पडला," वामनराव खुशीत म्हणाले. "बोललो नव्हतो मी? जमुना आपल्याकडची हाये."

"धाकले भाऊजी," जमुना त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्याबी बाजूनं नाही मी. ओटा धुतला होता तुमी. मी निघालो तवा पाण्याचा आवाज टांग्यापावतो आला होता मले."

वामनरावांनी पान तोंडात घातलं आणि चावायचं विसरले. ठराव मात्र पडला. देवीदासने तसं लिहून घेतलं: दोन्ही बाजूंस समसमान मते, एक सभासद हजर परंतु तटस्थ. लिहिताना हे आपलं या घरातलं शेवटचं लिखाण आहे हे त्याला कळत होतं.

पंगत झाली. आंब्याचा रस, पोळ्या, चिंचेची चिंचोणी, तळलेल्या सांडया. नत्थुजीचं पान निंबाखाली गेलं. पार्बताबाईने जमुनाचं पान चुलीजवळ मांडलं, आणि वाढायला सत्यवतीला सांगितलं. "मायले पोळी वाढ," ती म्हणाली, आणि कोणती माय ते सांगितलं नाही. पोरीने दोघींनाही वाढली.

वऱ्हाडात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पाया पडतो. बहिणीचं लेकरू, देवाच्या जागी. सणावाराला भाचा जेवून निघाला की मामाने त्याच्या कपाळाला टिळा लावायचा, हातावर काहीतरी ठेवायचं आणि वाकायचं. देवीदासने कोट चढवला, कंपनीचे कागद बैठकीतल्या तक्क्याजवळ ठेवले आणि वहाणा शोधायला लागला. आज कोणी वाकणार नाही हे त्याने धरलंच होतं. तसंच चालू पडावं, लवकर, एवढंच त्याला पाहिजे होतं.

"थांब," मागून आवाज आला.

केशवराव कुंकवाची वाटी घेऊन उभे होते. त्यांनी टिळा लावला. हातावर नारळ ठेवला. मग धोतर सावरून ते वाकले, आणि दोन्ही हात भाच्याच्या पायांवर ठेवले. दर वर्षी देवीदास लाजून मागे सरायचा. आज त्याला हलता आलं नाही. मामांच्या पाठीवरचं घामाने ओलं झालेलं बाराबंदीचं कापड त्याला दिसत होतं, आणि आपला या माणसावर किती जीव आहे ते त्याला त्या क्षणी इतकं कळलं की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलंही नाही.

केशवराव उठले. त्यांचे डोळे कोरडे होते.

"हे भाच्याले," ते म्हणाले. "त्यानं कवाबी यावं. घर त्याचंच हाये."

मग ते बाजूला झाले, वाट मोकळी केली.

"वकिलाले मात्र सांगजो, आता या दारात पाय ठेवू नको म्हनून."